संकटातून सुटकेचे इंग्रजी वाक्प्रचार व त्यांचे अध्यापन

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. वरच्या इयत्तांत वाक्प्रचार येऊ लागले, की शब्दास शब्द लावून अर्थ सांगण्याचा मोह शिक्षकास होतो. भिवंडी तालुक्यातील खेड्यांत मुलाच्या घरी आगरी, वारली वा कातकरी बोली, शाळेत प्रमाण मराठी, आणि त्यावर हे इंग्रजी. शब्दशः अर्थाने मूल गोंधळते व आपणांस ही भाषा येणारच नाही असे समजून कायमचे गप्प बसते.

'ऑफ द हुक' हा वाक्प्रचार घ्यावा. खाडीकाठच्या मुलाने गळ पाहिलेला असतो. गळातून निसटलेला मासा फळ्यावर काढला, की दोषातून वा जबाबदारीतून सुटणे हा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. मात्र मराठीत 'गळाला लागणे' म्हणजे मोहास बळी पडणे. इंग्रजी वाक्प्रचारात मोहाचा संबंध नाही. हा भेद अवश्य सांगावा. 'बेल आउट' म्हणजे होडीत शिरलेले पाणी उपसणे, तसेच अडचणीतील माणसास वा संस्थेस पैसा देऊन सावरणे.

'बाय द स्किन ऑफ वन्स टीथ' यास अधिक वेळ द्यावा. तो बायबलातील ईयोबाच्या ग्रंथातून आला. दातांना कातडी नसतेच. तेव्हा जे अंतर जवळजवळ नव्हतेच, तेवढ्याने माणूस वाचला. यास 'जिवावरचे शेपटावर निभावणे' हा पर्याय चटकन सुचतो, पण तो पुरता जुळत नाही. पाल शेपूट टाकते व जीव राखते. तेथे थोडी हानी सोसून मोठी हानी टळते. इंग्रजीत हानी नाही, केवळ अंतर थोडे. म्हणून 'थोडक्यात बचावणे' हाच नेमका अर्थ. तुटलेली शेपूट कशी वळवळते, याचे वर्णन मुलांकडूनच करवून घ्यावे; त्यात तासाची दहा मिनिटे गेली तरी ती वाया जात नाहीत.

'सेव्ह्ड बाय द बेल' हा मुष्टियुद्धाच्या आखाड्यातला. मार खाणारा खेळाडू फेरी संपल्याच्या घंटेने वाचतो. आपले 'सुंठीवाचून खोकला जाणे' याच्या जवळचे. जिवंत पुरलेल्या माणसाने थडग्यातून घंटा वाजविल्याची गोष्ट पुष्कळ ठिकाणी आढळते. तीस आधार नाही, ती वर्गात सांगू नये.

राहिला 'थ्रो ए लाइफलाइन'. मराठी माणूस अडलेल्यास 'हात देतो', इंग्रज दोर फेकतो. येथे भाषेबाहेरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण पावसाळ्यात कामवारी फुगते आणि मुले काठावर असतात. बुडणाऱ्यास हात देऊ नये, त्याच्यामागे उडीही घेऊ नये. तो वाचविणाऱ्यासही खाली ओढतो. मोठ्याने ओरडून माणसे बोलवावीत, काठावर आडवे पडून बांबू पुढे करावा, दोर वा झाकण लावलेला रिकामा डबा फेकावा. इंग्रजीच्या तासालाच शिक्षकांनी दोर आणून पटांगणात फेकून दाखवावा, आणि त्याचे दुसरे टोक आपल्या हाती घट्ट धरलेले असावे लागते, हे प्रत्येक मुलाकडून एकदा करवून घ्यावे.