स्नायुवर्धक औषधे : लाभाचा आभास आणि हानीचे वास्तव

शरीर बलसंपन्न असावे ही तरुणांची इच्छा स्वाभाविक आहे आणि स्तुत्यही आहे. आखाडा, तालीम आणि व्यायामशाळा यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकरावांनी पिढ्यान्‌पिढ्यांना शरीरसाधनेची दीक्षा दिली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. या परंपरेत बळ हे वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे फळ मानले जात असे. आज मात्र तालुक्याच्या गावीही आधुनिक व्यायामशाळा उभ्या राहिल्या असताना, काही महिन्यांतच पिळदार शरीर मिळावे या घाईपोटी गोळ्या व इंजेक्शने घेण्याची प्रवृत्ती आढळते. या औषधांचे स्वरूप व परिणाम पालकांनी, शिक्षकांनी आणि स्वतः तरुणांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

ही औषधे कोणती?

पुरुषाच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होते. वयात येताना आवाज फुटणे, दाढीमिशा येणे, स्नायू भरणे हे सर्व बदल त्यामुळे घडतात. १९३५ साली शास्त्रज्ञांनी हे संप्रेरक वेगळे केले आणि त्याच वर्षी ते कृत्रिम रीतीने तयारही केले. त्याच्याशी साम्य असलेली जी औषधे पुढे निघाली, त्यांना ॲनाबॉलिक स्टेरॉइड असे म्हणतात. नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलॉल, मेथॅन्ड्रोस्टेनोलोन ही त्यांपैकी काही नावे होत.

वैद्यकात या औषधांना रास्त स्थान आहे. शरीरात हे संप्रेरक पुरेसे तयार होत नसल्यास, मुलगा वयात येण्यास फार विलंब लागल्यास, किंवा काही प्रकारच्या रक्तक्षयात, डॉक्टर ती मोजक्या प्रमाणात व तपासण्या करीत देतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दमा, संधिवात, त्वचाविकार यांवर दिली जाणारी प्रेडनिसोलोनसारखी औषधे हीदेखील स्टेरॉइडच म्हणविली जातात. परंतु त्यांचा वर्ग निराळा आणि कार्यही निराळे आहे. यास्तव प्रस्तुत लेख वाचून कोणाही रुग्णाने आपले चालू औषध परस्पर बंद करू नये.

परिणाम होतो, हे खरे

या औषधांनी स्नायू वाढतच नाहीत, असे सांगणे सत्याला धरून होणार नाही. अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या एका प्रमुख संस्थेने १९७७ साली या लाभाविषयी शंका व्यक्त केली होती. खेळाडूंचा प्रत्यक्ष अनुभव वेगळा असल्याने वैद्यांच्या इतर इशाऱ्यांवरचाही त्यांचा विश्वास उडाला. पुढे संस्थेला आपली भूमिका बदलावी लागली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात मोठ्या मात्रेतील टेस्टोस्टेरॉनने दहा आठवड्यांत स्नायू व बळ वाढल्याचे सिद्धच झाले. म्हणून तरुणांशी बोलताना लाभ नाकारू नये. त्या लाभाची किंमत काय पडते, हे सांगावे.

शरीरात काय घडते?

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना कामाचा संदेश देत असते. बाहेरून संप्रेरक येऊ लागले, की शरीरात ते विपुल आहे असे समजून ही ग्रंथी संदेश थांबविते. परिणामी वृषणे आकसतात, शुक्रजंतूंची निर्मिती घटते आणि वंध्यत्व येऊ शकते. औषध सोडल्यावर हे कार्य पूर्ववत होण्यास अनेक महिने, क्वचित वर्षेही लागतात. काहींच्या बाबतीत ते पूर्णपणे पूर्ववत होत नाही. जादा टेस्टोस्टेरॉनपैकी काहींचे रूपांतर स्त्री-संप्रेरकात होऊन पुरुषाचे स्तन वाढतात. ते कधी शस्त्रक्रियेनेच काढावे लागतात. पुरुषत्वाच्या हव्यासापायी घेतलेले औषध असे नेमके उलट फळ देते.

हृदयाची हानी याहून गंभीर होय. रक्तातील हितकारक कोलेस्टेरॉल घटते व अपायकारक वाढते, रक्तदाब चढतो, रक्त दाट होऊन गुठळ्या होण्याचा संभव वाढतो. हृदयाची भिंत जाड होऊन त्याचे आकुंचन दुर्बळ होते. हे सारे मूकपणे घडत असल्यामुळे आरशातील शरीर सतेज दिसत असतानाही आत रोग बळावत असतो. डेन्मार्कमध्ये व्यायामशाळांतील तपासणीत दोषी आढळलेल्या सुमारे १,२०० पुरुषांची सरासरी अकरा वर्षांची माहिती २०२४ साली प्रसिद्ध झाली. समवयस्क इतर पुरुषांच्या तुलनेत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण पावणेतीनपटीहून अधिक आढळले.

पोटात घेण्याच्या अनेक गोळ्या यकृतास अपाय करतात. कावीळ, यकृतात रक्ताच्या पोकळ्या, गाठी हे त्याचे परिणाम होत. स्नायू झपाट्याने वाढतात, पण त्यांना हाडांशी जोडणारे स्नायुरज्जू त्या वेगाने बळकट होत नाहीत. ते तुटण्याचा धोका राहतो. एकच सुई अनेकांनी वापरल्यास एच.आय.व्ही. आणि ब व क प्रकारची कावीळ यांचा संसर्ग होतो. चोरट्या बाजारातील बाटलीत लेबलावरचेच औषध असेल याची शाश्वती नसते.

मनावरही परिणाम होतो. काहींना चिडचिड व आक्रमकता येते. औषध थांबविताच खिन्नता दाटून येते, कधी आत्मघाताचे विचारही येतात. ती खिन्नता टाळण्यासाठी पुन्हा औषध, असे हे व्यसनाचे चक्र होय.

किशोरवयीन मुले आणि स्त्रिया

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचे पट्टे असतात. या औषधांमुळे ते अकाली बंद होतात आणि उंची कायमची खुंटते. स्त्रियांमध्ये आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर केस येणे, मासिक पाळी बंद पडणे असे परिणाम दिसतात. त्यांतील आवाजातील बदल औषध सोडल्यावरही सहसा जात नाही.

पूर्व जर्मनीचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. तेथे १९७४ पासून शासनाच्या गुप्त योजनेनुसार खेळाडूंना, त्यांत किशोरवयीन मुलींनाही, अशा गोळ्या दिल्या गेल्या. अनेकांना त्या जीवनसत्त्वाच्या म्हणून देण्यात आल्या. देशाला पदके मिळाली. पण त्या मुलींपैकी अनेकींना पुढे आयुष्यभर व्याधी भोगाव्या लागल्या. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने त्या वेळच्या क्रीडाप्रमुखास व वरिष्ठ वैद्यास दोषी ठरविले.

कायदा आणि क्रीडानियम

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९७५ साली या औषधांवर बंदी घातली व १९७६ च्या माँट्रिऑल स्पर्धेपासून तपासणी सुरू केली. १९८८ साली सोल येथे शंभर मीटर शर्यत ९.७९ सेकंदांत जिंकणारा बेन जॉन्सन स्टॅनोझोलॉल घेतल्याचे आढळून आल्याने तीन दिवसांत सुवर्णपदकास मुकला. भारतात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था खेळाडूंची तपासणी करते आणि २०२२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही संमत झाला. ही औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकणे नियमबाह्य आहे.

आपण काय करावे?

अल्पावधीत वजनात फार मोठी वाढ, पाठ व खांद्यांवर अचानक पुरळ, स्वभावातील तापटपणा, सुया वा बिननावाच्या बाटल्या आढळणे, या खुणांकडे पालकांनी व शिक्षकांनी लक्ष द्यावे. मात्र धाकदपटशा दाखवू नये. मुलाला विश्वासात घेऊन डॉक्टरांकडे न्यावे. दीर्घकाळ औषध घेणाऱ्याने ते एकाएकी व एकट्याने न सोडता वैद्यकीय देखरेखीखाली सोडावे. डॉक्टरांपासून काही लपवू नये.

आहाराबाबत, निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. नियमित जड व्यायाम करणाऱ्यास त्याहून अधिक लागतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम, तितक्याच हरभरा डाळीत सुमारे २० ग्रॅम आणि एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. दूध, दही, मासळी, उसळी हे सारे आपल्या स्वयंपाकघरातलेच पदार्थ आहेत. त्यांना क्रमाक्रमाने वाढविलेल्या व्यायामाची व पुरेशा झोपेची जोड दिल्यास शरीर निश्चित घडते. त्याला वेळ अधिक लागतो, हे खरे. परंतु अशा रीतीने कमावलेल्या शरीरासाठी हृदय, यकृत वा भावी संतती यांचे मोल द्यावे लागत नाही. प्रत्येक व्यायामशाळेच्या चालकाने हे आपल्या सभासदांना पहिल्याच दिवशी सांगितले, तर या अनर्थास पुष्कळ अंशी आळा बसेल.