जुन्या वळणाची पाटी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची एक माजी विद्यार्थिनी अमरावतीस घरीं आली असतां आम्हांस भेटून गेली. ती मुंबईस दुकानांच्या पाट्या, वेष्टनें व मार्के रेखाटण्याचें काम करिते. कोणी एक गृहस्थ तिकडे फ्रेंच पद्धतीचें उपाहारगृह काढीत आहेत; त्याची पाटी, भोजनपत्रिका व मार्का हीं सर्व सव्वाशे वर्षांपूर्वींच्या पॅरिसची आठवण देणारीं असावीं, अशी त्यांची इच्छा. तिनें काढलेला नमुना आम्हांस फार आवडला, आणि आम्ही घाईघाईनें शाबासकी देऊन मोकळे झालों. तेव्हां ती हळूच म्हणाली, "सर, खालची ओळ वाचलीत का?" खालीं बारीक अक्षरांत होतें, 'स्थापना १८९८'. उपाहारगृह तर अजून उघडावयाचें होतें! ती ओळ मालकांच्या हट्टाची. आणि ती गाळावी तर पहिलेंच मोठें काम हातचें जाईल, ही तिची धास्ती.

मुलांनो, जुनें वळण येतें कोठून? तें पुष्कळसें हत्यारांतून येतें. त्या काळच्या पॅरिसच्या जाहिराती शिळाछापाच्या असत. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, आणि प्रत्येक रंगास निराळा दगड घ्यावयाचा. दगड वाढला कीं खर्च वाढला; म्हणून रंग मोजके व सपाट. तुलूझ-लोत्रेक या चित्रकारानें १८९१ सालीं 'मूलाँ रूझ' या नृत्यगृहाकरितां केलेली जाहिरात पाहावी. मागच्या प्रेक्षकांची नुसती काळी छायाच आहे, पण गर्दी भासते. आपल्याकडे राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस काढलेला छापखाना याच तंत्राचा. मात्र तेथें तैलचित्राची छटा साधावयाची असल्यामुळें एकेका तसबिरीस अनेक दगड लागत.

आमच्या विद्यार्थिनीनें भोजनपत्रिकेवर चहाच्या रंगाचे डाग टाकले होते. आम्हीं विचारलें, "१८९८ सालीं ही पत्रिका जुनी होती काय?" ती हंसली. डाग काळानें पाडले. मूळ कारागिरानें कागद स्वच्छच दिला होता.

खरी अडचण देवनागरीची होती. तिनें रोमन अक्षरांच्या पायांशीं असणारीं टोकें आमच्या अक्षरांस चिकटविलीं होतीं, आणि तीं परक्याचा अंगरखा घातल्यासारखीं दिसत होतीं. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभें राहतें, आमचें शिरोरेषेखालीं लोंबतें. बोरूचा काप वेगळा, म्हणून जाडीही रोमनच्या उलट बाजूस येते. देवनागरीस जुनेपण हवें असेल तर तें देवनागरींतच शोधावें. जावजी दादाजी हे लहानपणीं मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत कामास होते. पुढें १८६९ सालीं त्यांनीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांनीं त्यासाठीं कोरलेलीं अक्षरें आजही डोळ्यांस सुखवितात. निर्णयसागरचें एखादें जुनें पुस्तक समोर ठेवून महिनाभर अक्षरें गिरवावीं, असें आम्हीं तिला सुचविलें. आणखी एक नमुना आमच्या वऱ्हाडांतला. अकोल्याच्या जिनांतून बाहेर पडणाऱ्या कापसाच्या गाठींवर पत्र्यांतून कापलेल्या अक्षरांनीं मार्का उठवीत. पत्रा गळून पडूं नये म्हणून अक्षर मध्येंच तुटकें ठेवावें लागे. त्या तुटकेपणांतही एक ऐट असते.

नांवाविषयीं थोडेंसें. 'रेस्तराँ' हा फ्रेंच शब्द मुळांत अंगांत ताकद आणणाऱ्या रश्शाचा वाचक. त्यांतला अनुनासिक उच्चार आमचा चंद्रबिंदु बिनचूक दाखवितो. तिकडच्या लहान भोजनगृहांत दिवसाचे पदार्थ खडूनें दगडी पाटीवर लिहितात. पॅरिसच्या त्या पाटीला आणि आमच्या शाळेच्या पाटीला दगड एकाच जातीचा, हें ऐकून ती फार खूष झाली.

नाताळांत तिचें पत्र आलें. तिनें 'स्थापना १८९८' खोडून तेथें उघडण्याचें खरें वर्ष घातलें व नमुना पाठविला. मालक चार दिवस रागावले, मग त्यांनीं वर्ष मान्य केलें. डागांचा हट्ट मात्र सोडला नाहीं. पत्रिकेवर ते डाग आहेतच. पाटीवरचीं देवनागरी अक्षरें तिनें तीनदां नव्यानें काढलीं, आणि चौथ्यांदा काढावयास ती बसली आहे.