टेलिहँडलर : लांबणाऱ्या भुजेचे कार्य व भारमर्यादा

बेंगळुरू येथे तुमकूर मार्गावरील आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात दर दोन वर्षांनी ‘एक्सकॉन’ हे बांधकाम यंत्रांचे प्रदर्शन भरते. तेथे पाहावयास मिळणारे टेलिहँडलर हे यंत्र शेतमाल व चारा हाताळण्यासही उपयुक्त आहे. ब्रिटनमध्ये जेसीबी कंपनीने १९७७ मध्ये आणलेले ‘लोडऑल’ तेथील शेतीत चांगलेच रुजले. आपल्याकडे त्याचा विचार करताना एक बाब प्रथम समजून घ्यावी: या यंत्राची भारक्षमता भुजेच्या स्थितीनुसार बदलते.

रचना व कार्य

साध्या फोर्कलिफ्टचे फाटे उभ्या खांबावर वर-खाली सरकतात आणि तिला टणक, सपाट जमीन लागते. टेलिहँडलरला एकात एक बसणाऱ्या पोलादी भागांची भुजा असते. एक हायड्रॉलिक सिलिंडर भुजा उचलतो, दुसरा ती लांबवतो, तर तिसरा टोकाचे अवजार कलवतो. फाट्यांच्या जागी बकेट किंवा गठ्ठे पकडण्याचा चिमटा बसवता येतो. मोठे टायर व चारही चाकांना मिळणारी शक्ती यांमुळे ते खडबडीत जमिनीवरही चालते.

भारमर्यादा

येथे तरफेचे तत्त्व लागू होते. पुढील चाके हा टेकू, तर यंत्राचे मागील वजन हा प्रतिभार होय. समजा, चाकांपासून १.५ मीटर अंतरावर ३,००० किलो भार सुरक्षित आहे. केवळ या हिशेबाने ४ मीटर अंतरावर तो १,१२५ किलोच राहतो. भुजेचे स्वतःचे वजनही पुढे सरकत असल्याने प्रत्यक्ष मर्यादा याहून कमी असते. म्हणून चालककक्षातील भारक्षमता तक्ता हाच प्रमाण मानावा. धोक्याचा इशारा वाजल्यास उंचावलेली भुजा थेट खाली आणू नये. तसे केल्यास भार आणखी पुढे जातो. भुजा प्रथम आत ओढावी, नंतर खाली आणावी.

उपयोग

उसाच्या पाचटाचे व मुरघासाचे मोठे गठ्ठे रचणे, कंपोस्ट भरणे, खतांच्या पोत्यांचे पॅलेट ट्रॉलीतून उतरवणे, तसेच फळांचे क्रेट हलवणे या कामांत ते वेळ व श्रम वाचवते. मात्र लहान शेतकऱ्यास ट्रॅक्टरचा लोडर बहुधा पुरेसा ठरतो. वर्षभर काम उपलब्ध असल्यास शेतकरी उत्पादक कंपनी किंवा अवजार बँकेने सामायिक खरेदीचा विचार करावा.

दक्षता

• भार जमिनीलगत व भुजा आत ठेवूनच यंत्र चालवावे.
• भुजा उंचावण्यापूर्वी जमीन समतल असल्याची आणि वर वीजवाहिनी नसल्याची खात्री करावी.
• फाट्यांवर माणसास कदापि उचलू नये; उचललेल्या भाराखाली कोणी थांबू नये.
• टायरमधील हवेचा दाब रोज तपासावा व सीटबेल्ट बांधावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात यंत्र किती उंच उचलते हे दाखवण्याआधी चालकाकडून भारक्षमता तक्ता वाचून घ्यावा. यंत्र उलटण्याची बहुतांश शक्यता तेथेच टळते.