पाप कोणाचं?

वाचन : योहान ९:१-७ आणि ३४



माझ्या मावसबहिणीच्या बाळाला ऐकू येत नाही, हे ते आठ महिन्यांचं असताना कळलं. तपासणीहून ती घरी आली तेव्हा शेजारच्या आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मागच्या जन्मीचे भोग गं बाई, भोगूनच संपवायचे." आजी मायेनेच बोलल्या. दोन दिवसांनी मंडळीतल्या एका भावाचा फोन आला. "घरात कबूल न केलेलं काही पाप राहिलंय का, एकदा तपासून बघा." बहिणीने मला विचारलं, "दादा, दोघांच्या बोलण्यात फरक काय रे?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. म्हणून आज हा उतारा घेतलाय.

शिष्य जन्मांध माणसाकडे बघून विचारतात की पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? जन्मतःच आंधळा असलेल्याने पाप केलं कधी? काहीजण इथे बोट ठेवून म्हणतात, बघा, बायबलमध्येही पुनर्जन्म आहे. पण गर्भातलं मूलसुद्धा पाप करू शकतं असं काही यहूदी रब्बी मानत, त्यामुळे ह्या प्रश्नाला मागचा जन्म लागत नाही. आणि प्रश्न कसाही असो, येशू दोन्ही पर्याय नाकारतो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात सर्व्हर बंद पडला की आधी लॉग उघडतात, कोणाच्या बदलामुळे हे झालं ते शोधायला. शिष्यही तेच करत होते. समोर जिवंत माणूस बसलाय आणि हे त्याचा लॉग वाचतायत!

कर्माच्या विचारामागे न्यायाची ओढ आहे, ती मला खोटी वाटत नाही. पेरलं तेच उगवतं हे पौलही गलतीकरांना सांगतो (६:७). पण मागच्या जन्मीचं कर्म म्हटलं की शिक्षा भोगणाऱ्याला आपला गुन्हाच आठवत नाही. मग तो पश्चात्ताप कशाचा करणार? इब्री ९:२७ प्रमाणे माणसाला मरण एकदाच आणि त्यानंतर न्याय. "योहान हाच एलीया" (मत्तय ११:१४) हे वचनही पुष्कळदा पुढे केलं जातं. पण लूक १:१७ सांगतं की योहान एलीयाच्या आत्म्याने व सामर्थ्याने येईल. शिवाय एलीया मेलाच नव्हता, तो वर घेतला गेला, आणि रूपांतराच्या डोंगरावर शिष्यांना एलीया म्हणूनच दिसला.

विधवापण हे पूर्वजन्मीच्या पापाचं फळ, असं समजून बायकांना किती छळलं जाई ते पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात मांडलं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे विधवेला तिचा मागचा हिशेब न विचारता शिकवलं जाई.

पण मला जास्त टोचतं ते ३४ वं वचन. परूशी त्याच माणसाला, आता डोळस झालेल्याला, तू पापातच जन्मलास असं सुनावून हाकलतात. धर्मशास्त्र शिकलेली, देवाची माणसं. मंडळीतला तो फोन मला तिथे दिसतो. पूर्वजन्म मानत नाही म्हणून आपण सुटलो असं नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, तेव्हाही येशूने त्यांना इतरांपेक्षा जास्त पापी ठरवू दिलं नाही. उलट ऐकणाऱ्यांनाच, तुम्ही पश्चात्ताप करा, असं म्हटलं (लूक १३).

बहिणीला मी शेवटी हेच सांगितलं की फरक काहीच नाही, दोघंही मागे बघत होते. येशूने कारण शोधत न बसता चिखल केला आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावला. आपलं पाप असेल ते त्याने वधस्तंभावर स्वतःवर घेतलंय, त्याची वसुली तो लेकराच्या कानांतून करत नाही. बाळाला अजून ऐकू येत नाही. सध्या यंत्र बसवलंय, आणि आम्ही सगळे खुणांची भाषा शिकतोय.

प्रार्थना : प्रभू, त्या फोनसारखे शब्द मीही कोणाला बोललो असेन, तर मला क्षमा कर. ह्या घराबरोबर बसायला शिकव. आमेन.