बंद खोलीतली ऊब

मी मूळची निफाड तालुक्यातली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला तापमानाचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो, आणि पारा फार उतरला की आमच्याकडचे द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. त्यामुळे २००० साली लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा थंडी मला नवी नव्हती. नवं होतं ते घर. लक्ष्मीनगरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मोझेकची फरशी, एकाच बाजूला खिडकी. ही घरं उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली. जानेवारीत भिंतीला पाठ टेकवावी तर माठाला टेकवल्यासारखं वाटायचं.

या पंचवीस हिवाळ्यांत शेगडीपासून तेलाच्या हीटरपर्यंत सगळं आमच्या घरात येऊन गेलं. त्यातून जे कळलं ते लिहिते आहे, कारण त्यातलं पहिलं कळलं तेव्हा आम्ही तिघी थोडक्यात वाचलो होतो.

१. निखारे घरात नकोतच

मुलीचा जन्म जानेवारी २००३ मधला. त्या वर्षी दिल्लीत आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. बाळंतपणासाठी आई गावाहून आली, ती ओवा, बाळंतशोपा, वावडिंग सगळं पुडीत बांधूनच. शेक-शेगडीशिवाय बाळंतीण उठते कशी, हे तिला पटणारं नव्हतं. बाजारातून एक पत्र्याची अंगीठी आली, कोळसा आला. बाजेखाली ठेवायची तर आमच्याकडे बाजच नव्हती, खालून बंद असलेला पेटीचा पलंग होता. म्हणून आईने ती पलंगाच्या बाजूला ठेवली. वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या आणि दाराखाली जुनं लुगडं सारलं.

कोळसा तिने गॅलरीत नीट फुलवून, धूर पूर्ण गेल्यावरच आत आणला होता. हे मुद्दाम सांगते, कारण आई निष्काळजी नव्हती. लाल, स्वच्छ निखारे होते, वर राखेची पातळ साय. अर्ध्या-पाऊण तासात माझं डोकं ठणकायला लागलं. मला वाटलं, जागरण. मळमळायला लागलं, मला वाटलं, अंगातली ताकद गेली आहे. आई चटईवर भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगत होती. मी तिला हाक मारायला गेले तर जीभ जड झाली होती. बाळ शांत झोपलेलं. त्या शांतपणाचा मला तेव्हा आनंद वाटला होता, आणि हे आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो.

शेजारच्या पंजाबी काकू पंजीरीचा डबा घेऊन आल्या म्हणून आम्ही आहोत. त्यांनी दार ढकललं, अंगीठी पाहिली आणि डबा तिथेच टाकून खिडकी उघडली. "कोयला? बंद कमरे में?" एवढंच ओरडल्या आणि बाळाला उचलून गॅलरीत पळाल्या. मग मला ओढलं, मग आईला. दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. तिथल्या डॉक्टरांनी आईला समजेल अशा शब्दांत सांगितलं ते असं. कोळसा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि गुंगी आलेल्या माणसाला उठून खिडकी उघडण्याचं सुचत नाही. धूर दिसत नाही याचा अर्थ धोका नाही, असं होत नाही.

आई कितीतरी वेळ एकच म्हणत राहिली, "पण मी तुझ्या वेळी हेच केलं होतं गं." खरंच केलं होतं. आमचं गावाकडचं घर कौलारू, भिंती आढ्यापर्यंत न गेलेल्या, दारांच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी. त्या घरातून हवा सतत ये-जा करत होती, म्हणून शेगडी तिथे निभावून गेली. चूक आईच्या मायेत नव्हती. घर बदललं होतं आणि रीत तीच राहिली होती. मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते हेच.

खिडकी थोडी किलकिली ठेवली तर चालेल का, असं मला बायका विचारतात. नाही. कोळसा, लाकूड, भुसा, काहीही आत नको. गॅसचा हीटरही झोपायच्या खोलीत नको. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत दगावले, त्यात लहान मुलं होती. खोलीत गॅसचा हीटर होता.

आणि एक. कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं आहे. या विषबाधेत ते फसवतं. रक्तातला कार्बन मोनॉक्साईड त्याला ऑक्सिजनसारखाच दिसतो आणि आकडा चांगला येतो. आकडा बघत बसू नका. माणसाला उघड्यावर न्या आणि ११२ ला फोन करा.

२. पाण्याच्या वाटीचा गैरसमज

हीटरपाशी पाण्याचं भांडं ठेवलं की विषारी वायू त्यात शोषला जातो, असं दिल्लीत सर्रास सांगतात. कार्बन मोनॉक्साईड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. भांड्याचा उपयोग एवढाच की कोरडी पडलेली हवा जराशी दमट राहते, ओठ-नाक कमी सुकतात. दुसऱ्या बाजूने, विजेचा हीटर ऑक्सिजन खातो हेही खरं नाही. त्यात काही जळतच नाही. म्हणून आमच्या घरात अंगीठी गेली ती गेलीच, आणि विजेचा हीटर आला. त्याचे धोके दोन, आग आणि शॉक.

३. प्लगकडे बघा

पहिला हीटर दोन सळ्यांचा, २००० वॅटचा. २३० व्होल्टला तो साधारण पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. भिंतीतला छोटा सॉकेट असतो सहा अँपिअरचा. म्हणूनच हीटरला जाड पिनांचा मोठा प्लग देतात, तो सोळा अँपिअरच्या पॉवर सॉकेटसाठी. आमच्या झोपायच्या खोलीत पॉवर सॉकेट नव्हता. यजमानांनी मोठ्या पिनेचं छोट्यात करणारं कन्व्हर्टर आणलं, ते एक्स्टेन्शन बोर्डात खोचलं, आणि त्याच बोर्डावर टीव्हीही होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी खोलीत मासळी करपल्यासारखा वास यायला लागला. आम्ही स्वयंपाकघर शोधलं, खालच्या मजल्यावर विचारून आलो. शेवटी हीटर बंद करून प्लग ओढला तर तो निघेना. जोर लावला तेव्हा पिनेबरोबर बोर्डाचं पांढरं प्लास्टिक पापडासारखं फुगून बाहेर आलं. पिनेवर तपकिरी डाग, आतली पितळी पट्टी काळी पडलेली. गाद्यांची चवड बोर्डापासून वीतभर अंतरावर होती.

वायरमनने नवी जाड तार ओढून पॉवर सॉकेट बसवून दिला. खर्च हीटरच्या किमतीएवढा आला, तेव्हा जड गेला. आता माझा नेम असा आहे: हीटर थेट भिंतीतल्या पॉवर सॉकेटमध्ये, मध्ये काही नाही. पंधरा दिवसांतून एकदा, तासभर चालल्यावर, बटण बंद करून प्लग काढायचा आणि हाताने चाचपायचा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर सॉकेट ढिला झाला आहे, तो बदलायचा.

गीझर आणि हीटर एकदम लावले की आमचा एमसीबी पडायचा. एका माणसाने सुचवलं की मोठा एमसीबी टाका, त्रास संपेल. असं कधी करू देऊ नका. एमसीबी पडतो तो भिंतीतली तार वाचवण्यासाठी. तारा त्याच ठेवून तो मोठा केला तर आधी तार जळेल, तीही भिंतीच्या आत. आम्ही आधी अंघोळी उरकतो, मग हीटर लावतो. आर्थिंग नीट असणं आणि शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणं, या दोन गोष्टी वायरमनकडून एकदा तपासून घ्याव्यात.

४. दोन हात अंतर

आपला जुना हात दीड फुटाचा. हीटरपासून दोन हात, म्हणजे तीन फूट, सगळ्या बाजूंनी मोकळं हवं: रजई, पडदा, पेपर, सोफ्याचं कव्हर. लहान मूल घरात असलं की दुपटी वाळवायचा मोह होतो. दिल्लीच्या धुक्यात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, मला माहीत आहे. तरी हीटरवर कपडे नकोत. खुर्चीवर टाकलेलं दुपटं वाळून हलकं झालं की सरकतं, आणि पडतं ते नेमकं सळीवर.

ब्लोअरला मागूनही हवा लागते, भिंतीला चिकटवू नये. पंख्याच्या जाळीत वर्षभराची धूळ असते, पहिल्या दिवशी तिचाच वास येतो. हिवाळ्याआधी पुसून घ्यावा. नवीन घेताना आयएसआय मार्क आणि कलंडल्यावर आपोआप बंद होण्याची सोय, एवढं पाहावंच.

५. म्हाताऱ्या माणसांचे पाय

सासऱ्यांना मधुमेह. ते रोज संध्याकाळी हीटरसमोर मोजे काढून बसत आणि म्हणत, "अजून ऊब येत नाही, जरा जवळ घे." मी जवळ घेत गेले. एका रात्री पाय पुसताना तळव्यावर आणि अंगठ्यावर रुपयाएवढे फोड दिसले. त्यांना काही दुखत नव्हतं. मधुमेहाने पायाची संवेदनाच गेली होती, ऊब कळत नव्हती तसा चटकाही कळत नव्हता. ती जखम भरायला दोन महिने लागले.

त्यानंतर त्यांच्यासाठी तेलाचा हीटर घेतला. त्यात लाल तापणारी सळी नसते, पत्र्याच्या पाकळ्यांत तेल तापतं. खोली सावकाश गरम होते, पण ऊब टिकते. तरी त्यालाही पाय टेकवू द्यायचे नाहीत, पायांना लोकरीचे मोजे, आणि अंतर मी ठरवायचं, त्यांनी नाही.

६. झोपताना बंद

निजण्याआधी तासभर खोली तापवायची, अंथरुणात शिरताना हीटर बंद करून प्लग काढायचा. पुढचं काम गोधडीचं. आईने जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली गोधडी रजईखाली घेतली की पहाटेपर्यंत काही लागत नाही. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट घेतो, तो तासाभरात बंद केला की बिलही आटोक्यात राहतं.

७. न्हाणीघर

तिथे हीटर नको, बाळाच्या अंघोळीसाठीसुद्धा नको. ओले हात, ओली फरशी आणि वीज. खोली तापवा, बाळाला तिथे टबात घाला, पण आधी हीटर बंद करा.

हे मी सगळ्यांना सांगत होते आणि मागच्या दिवाळीला माहेरी गेले तर भावाने नव्या न्हाणीघरात, दाराच्या आतल्या बाजूला, गॅस गीझर बसवलेला. खिडकी एक वीतभर, तीही थंडी येते म्हणून पुठ्ठ्याने बंद. गॅस गीझर बंद जागेत जळतो तेव्हा तोच वायू तयार करतो, जो आमच्या अंगीठीने केला होता. मी भावाला काही बोलायच्या आत आईच उठली. ऐंशीच्या घरात आहे ती आता. काठी टेकत गेली, पुठ्ठा ओढून काढला आणि म्हणाली, "उद्या माणूस बोलाव. हे बाहेर गेल्याशिवाय यात कुणी अंघोळ करायची नाही."

दुसऱ्या दिवशी गीझर मागच्या भिंतीवर बाहेर गेला. पावसात भिजू नये म्हणून भावाने त्याच्यावर पत्र्याची छोटी छपरी केली आहे.