आधी भिंत, मग पाइप

पडद्याचा पाइप घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरला की पहिल्यांदा टोकाच्या टोप्या बघतो. गोल गोळा, कमळाची कळी, भाल्याचं टोक. सोनेरी, चंदेरी, तांबूस. दुकानदारही त्याच पुढे सरकवतो, कारण डोळ्यांत त्याच भरतात आणि पैसेही त्यातच सुटतात. खरं काम करणारा माल मात्र एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत ब्रॅकेटसोबत फुकट येतो: चार स्क्रू आणि चार गिट्ट्या. आमच्या घरात जे झालं त्याचं मूळ त्या पिशवीत होतं, म्हणून सांगते, पारख तिथून सुरू करा.

आमचं तळेगाव म्हणजे श्यामजी पंतांचं तळेगाव. नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचं, आर्वीचा फाटा फुटतो ते. किरकोळ सामान गावात नाहीतर आर्वीला मिळतं. चार नमुने बघून घ्यायचं असेल तर अमरावती नाहीतर नागपूर. नव्या घराच्या वेळी पडद्यांचं सगळं सामान आम्ही चांगल्यातलं आणलं. बसवायला एक जण आला, दुपारभरात सगळ्या खिडक्या-दारं उरकून गेला. दारावर भोक पाडताना त्याचं ड्रिल नुसतं किंचाळत होतं. मी विचारलं तर म्हणाला, "काकू, काही नाही होत. पडदाच त लावाचा हाय, झुंबर थोडी टांगाचं हाय!"

बैठकीतून आतल्या खोलीत जायच्या दारावर जाड पडदा होता. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. बाहेर येताना त्या उंबऱ्याशी थांबायच्या, पडद्याची कड मुठीत धरायच्या आणि मग पाय उचलायच्या. हे रोज सगळ्यांसमोर चाले, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. एका दुपारी पडदा, पाइप, टोपी, सगळंच खाली आलं. नशिबाने त्यांचा दुसरा हात चौकटीवर होता, म्हणून मनगट खरचटण्यावर निभावलं.

खाली पडलेली गिट्टी मी उचलून पाहिली. जेमतेम पाऊण इंच. मागचं टोक कटरने छाटलेलं, खाचांमध्ये राखी रंगाचं प्लास्टर घट्ट बसलेलं. भिंतीतल्या भोकात टॉर्च मारला तर तळाशी काँक्रीट दिसलं, बिट घासून घासून गुळगुळीत झालेलं. दारावरच्या लिंटेलला ड्रिल लागलं, पुढे जाईना, तेव्हा गिट्टी छाटून तिला प्लास्टरपुरती बसवलेली होती. पाइप चांगला, ब्रॅकेट चांगला, आणि सगळा भार अर्ध्या-पाऊण इंचाच्या वाळू-सिमेंटवर.

पडद्याचं वजन असतं तरी किती? पाच फूट रुंद खिडकी, चुण्यांसाठी दुप्पट कापड, उंची सात फूट, म्हणजे सत्तर चौरस फूट कापड झालं. बऱ्यापैकी जाड सुती कापड चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम भरतं. एकूण दीड-पावणेदोन किलो. अस्तर लावलं तर तीन धरा. एवढं वजन छाटलेली गिट्टीसुद्धा वर्षभर पेलते, आणि त्यामुळेच आपली फसगत होते. पाइपला पडदा तोलायचा नसतोच, माणसांचे हात तोलायचे असतात. सकाळी घाईत ओढणारा हात, पडद्यात लपणारं पोर, त्याला धरून उठणारं म्हातारं माणूस. शिवाय ब्रॅकेट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे आलेला असतो. तो जितका पुढे, तितका वरचा स्क्रू भिंतीतून जास्त उपसला जातो. दुहेरी पडद्याचा, म्हणजे आत जाळीदार आणि बाहेर जाड अशा दोन पाइपांचा ब्रॅकेट तर आणखीच पुढे येतो. त्याला भिंतीवर टेकणारी पट्टी उंच हवी आणि स्क्रू किमान दोन. एकाच स्क्रूवर फिरणारा गोल बुडाचा ब्रॅकेट दिसायला नाजूक असतो. दाराला मी तो कुणालाही घेऊ देणार नाही.

मग एका जुन्या सुतार मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पिशवीतले स्क्रू बाजूला सारले आणि स्वतःचे दोन इंची काढले. बिटला टोकापासून दोन इंचांवर चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला, म्हणजे भोक किती खोल गेलं ते कळावं. खिडकीजवळ भोक पाडताना मला खालची भुकटी दाखवली. "पाहा, पयले राखी निंगते, थे प्लास्टर. लाल आली का मंग समजाचं इट लागली. गिट्टी पूरी इटीत गेली पायजे." ही खूण लाल विटेच्या घरापुरती. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशी कोळशावरची वीज केंद्रं असल्याने विदर्भात आता राखेच्या विटा सर्रास वापरतात, त्यांची भुकटीही राखीच निघते. तिथे चिकटपट्टीवरच भरवसा ठेवायचा.

लिंटेलची गोष्ट उलटी आहे. ते दाराच्या दोन्ही बाजूंना साधारण सहा इंच भिंतीत शिरलेलं असतं, म्हणजे ब्रॅकेट लागतो नेमक्या त्याच जागी. बसवणारे त्याला कंटाळतात, पण खरी पकड तिथेच मिळते. फक्त साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतं. मधे सळई लागली तर अर्धा-एक इंच सरकायचं, तिच्याशी झटायचं नाही. माणूस ठरवतानाच विचारा, "हॅमर आहे का?" नाही म्हणाला तर दुसरा बघा.

आमच्या भागातल्या घरांना आणखी एक व्याधी आहे, काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया पुरेसा नसला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर चढते. ब्रॅकेटची जागा बहुधा त्याच कोपऱ्यावर येते. भेगेवर किंवा तिच्या लगत भोक पाडू नका. त्यापेक्षा खिडकीच्या दोन्ही बाजूंना पुरेल अशी चार इंच रुंद लाकडी पट्टी भिंतीवर चार-पाच ठिकाणी घट्ट बसवा, तिला भिंतीचा रंग द्या आणि ब्रॅकेट पट्टीवर लावा. एकदा मोठं झालेलं भोक काडेपेटीच्या काड्या कोंबून भरायची रीत घरोघर आहे. तिने आठवडाभराचं समाधान मिळतं, त्यापलीकडे काही नाही. तिथेही पट्टीच बरी.

कूलरवाल्यांनी विशेष जपायचं. विदर्भात एका तरी खिडकीला कूलर असतोच, आणि त्याचा पॉइंट खिडकीच्या शेजारीच काढलेला असतो. त्या बोर्डातून वायरचा पाइप भिंतीच्या आतून बहुतेक सरळ वर जातो. बोर्डाच्या बरोब्बर वरच्या रेषेत ड्रिल लावू नका, आणि काम चालू असताना त्या खोलीची वीज खाली पाडून ठेवा. ड्रिलला दुसऱ्या खोलीतून वायर ओढता येते.

भिंतीचं हे एवढं झालं की पाइपकडे वळायचं. पूर्वी घरोघर प्लास्टिकचं वेष्टण असलेली स्प्रिंग दोन हुकांमध्ये ताणून तिच्यात पडदा ओवत. ती मधे झोळ देई, पण वर्षातून एकदा दोन वेढे कापले की पुन्हा ताठ. पाइपला झोळ आला की तो तसाच राहतो. पाइप दोन जाडीचे मिळतात, पाऊण इंची आणि इंची, म्हणजे १९ आणि २५ मिलिमीटर. पत्र्याची जाडी तीच ठेवून १९ च्या जागी २५ चा घेतला तर तो वाकायला सव्वादोन पट जास्त विरोध करतो. व्यास तोच ठेवून पत्रा दुप्पट जाड घेतला तर फरक जेमतेम दुप्पट पडतो. म्हणून दुकानदार जाड पत्र्याचं कौतुक सांगत असला तरी आधी व्यास बघा. आणि लांबी. खिडकी दुप्पट रुंद झाली तर पडदाही दुप्पट होतो, आणि पाइपचा झोळ दुप्पट न होता सोळापट होतो. पाच-सहा फुटांच्या पुढे मधला आधार घ्यायचाच, तिथे घासाघीस नको.

मधला आधार घेतला की कड्यांचा प्रश्न येतो. पडद्याला ठोकलेली कडी त्या आधारावरून पलीकडे जात नाही. दोन पडदे मधून दोन बाजूंना सरकणार असतील तर बिघडत नाही. पण अख्ख्या खिडकीला एकच पडदा एका बाजूला सारायचा असेल तर तो अर्ध्यात अडकणार. अशा जागी ट्रॅक घ्या. एकात एक सरकणारे, लांबी कमी-जास्त करता येणारे पाइपही मिळतात. त्यांच्या जोडावर प्रत्येक कडी अडते. भाड्याच्या घरापुरते ते ठीक.

स्टीलचं म्हणाल तर खिशात लोहचुंबक घेऊन जा. चिकटलं तर बहुधा आत लोखंड, वरून नुसता मुलामा. कूलरच्या ओलसर हवेत असल्या पाइपचा रंग फुगतो आणि कड्यांखाली तांबेरा धरतो. नाही चिकटलं म्हणून हुरळून जाऊ नका. २०२ आणि ३०४ या दोन्ही प्रतींचं स्टील चुंबकाला दाद देत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, म्हणून ते स्वस्त आणि गंजायला जरा आधी. कूलरच्या खिडकीला ३०४ मागा आणि बिलावर लिहून घ्या. बाकी खोल्यांना २०२ पुरतं, उगाच पैसे घालू नका.

ट्रॅक म्हणजे ॲल्युमिनियमची पन्हळ, तिच्यात नायलॉनची चाकं. कोपऱ्याच्या खिडकीला, भिंतभर पडद्याला आणि छतातून सोडायच्या पडद्याला त्याला तोड नाही. पण हमरस्त्यालगतच्या घरात पन्हळीत धूळ जमते आणि चाकं रुसतात. तेल सोडू नका, तेलावर धूळ आणखी बसते. कोरड्या फडक्याने पन्हळ पुसा, फारच अडलं तर सिलिकॉनचा फवारा. पीओपीच्या छताला ट्रॅक लावायचा असेल तर छत करतानाच त्या रेषेत वरून प्लायची पट्टी टाकून घ्या. जिप्समच्या अर्ध्या इंची बोर्डात स्क्रू फिरतो, धरत नाही. छत होऊन गेल्यावर हे सुचलं तर भिंतीवरचा पाइपच लावा. रिमोटवरचे पडदे मी पाहिलेत; घरी लावावेसे वाटले नाहीत.

पाइप सरळ कशाला धरून लावायचा, यावरून आमच्याकडे बराच वाद झाला. मिस्त्रींचं म्हणणं मला पटलं: छताजवळ लावायचा तर छताला समांतर, खिडकीजवळ लावायचा तर चौकटीला समांतर. लेव्हलची नळी बरोबर म्हणाली तरी स्लॅब थोडा उतरता असला की डोळ्याला पाइपच वाकडा दिसतो. ट्रॅकला मात्र लेव्हलच पाळा, नाहीतर चाकं उताराकडे घरंगळतात.

पश्चिमेच्या खिडकीला जाड, काळपट पडदा लावून मे महिना सुसह्य होईल अशी आशा धरू नका. ऊन काचेतून आत आलं की पडदा ते स्वतः पितो आणि खोलीतच सोडतो. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर, बांबूच्या चिकाने किंवा वाळ्याच्या ताटीने. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला आले, तिथली मातीची, कौलारू घरं आजही सेवाग्रामला जाऊन बघता येतात. छपराची वळचण एवढी खाली आणलेली आहे की ऊन आधी पडवीतच थांबतं. आपली गच्चीची घरं तशी नाहीत. तेव्हा कापडावर खर्च करण्याआधी खिडकीवर छज्जा पुरेसा पुढे काढलाय का ते पाहावं.

सासूबाईंच्या दारावर आता पडदा आहे, त्याचा पाइप लिंटेलमध्ये दोन इंच खोल बसवलेला आहे. तरी त्यांनी तो धरू नये म्हणून चौकटीशेजारी हाताच्या उंचीवर स्टीलची दांडी लावली, न्हाणीघरात लावतात तशी. घरात वयस्कर माणूस असेल तर पडद्याच्या सामानाबरोबर ती एक दांडी आणा. पहिले काही दिवस त्यांचा हात पडद्याकडेच गेला. मग दांडीची सवय झाली.

कापड सगळ्यात शेवटी. माप चौकटीचं न घेता बसवलेल्या पाइपपासून घ्यायचं. आधी शिवून आणलेला पडदा जमिनीवर लोळतो नाहीतर घोट्याशी लटकतो. फरशीपासून अर्धा इंच वर ठेवला की पोछा मारताना कड भिजत नाही. आम्ही कापड वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणलं. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं हे खादी-ग्रामोद्योगाचं संग्रहालय. नैसर्गिक रंगांची खादी तिथे मिळते. खादी काय किंवा कुठलंही सुती कापड काय, पहिल्या पाण्यात आटतं, सात फुटांत दोन-तीन इंच सहज जातात. शिवायला टाकण्याआधी भिजवून वाळवा. तेवढी सवड नसेल तर टेलरला सांगा, तळाची शिवण चार इंच दुमडून नुसती धावदोरा घालून ठेव, पक्की शिवण पहिल्या धुण्यानंतर. तो कुरकुर करेल, कारण त्याला पडदा दुसऱ्यांदा हातात घ्यावा लागतो. दुसऱ्या खेपेची मजुरी आधीच ठरवून टाका.