फडक्याने गाळलं, उकळलं, तरी पाण्यात काय उरतं?

मैत्रिणींनो, पाणी भरताना आपण हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधतो. काडीकचरा अडतो, थोडा गाळही अडतो. आता पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ ढवळा आणि त्याच फडक्यातून गाळून बघा. चव खारटच लागेल. मीठ विरघळलं म्हणजे त्याचे कण इतके सुटे झाले, की कुठल्याही फडक्याची वीण त्यांना अडवू शकत नाही.

हे होतं कसं? पाण्याच्या रेणूला दोन बाजू असतात, एकीकडे थोडा ऋण भार, दुसरीकडे थोडा धन. मीठही भारित कणांचंच बनलेलं. पाणी त्या कणांना चहूबाजूंनी वेढून एकमेकांपासून ओढून काढतं. साखरेच्या रेणूलाही पाण्याला धरायला भरपूर जागा असतात. म्हणून लिटरभर पाण्यात मीठ साधारण ३६० ग्रॅम विरघळतं आणि साखर तर चक्क २ किलोच्या आसपास! तेलाला मात्र पाण्याने धरावं अशी जागाच नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून बसतात, तेल वर तरंगतं. (गटात पांढरं फिनाईल बनवणाऱ्या ताईंना माहीत असेल, पाण्यात ओतलं की दुधाळ होतं. ते विरघळलेलं नसतं, बारीक थेंब होऊन पसरलेलं असतं.)

गढूळ पाण्यातली मातीही विरघळलेली नसते, म्हणून तुरटी फिरवली की खाली बसते. विरघळलेलं असं बसत नाही, उकळूनही जात नाही. भाईंदरची मिठागरं आठवा: उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. चुलीवरच्या पातेल्यातही तेच होतं. जंतू मरतात, म्हणून उकळायचं ते उकळायचंच. पण विरघळलेलं तसंच राहतं, उलट पाणी आटल्याने थोडं दाटच होतं.

वालधुनीचं रंगीत पाणी कोणी पिणार नाही, रंग दिसतो ना! मला जास्त काळजी न दिसणाऱ्याची वाटते. मुरबाड-शहापूरकडे भाताला आपण युरिया देतो. जमिनीत त्याचं नायट्रेट होतं, ते पावसाच्या पाण्यात विरघळून विहिरीत झिरपू शकतं. त्याला ना रंग, ना वास. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते जास्त असलेल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाजलं, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण, किट कुणाकडे आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. पावसाळा संपला की विहीर आणि बोअरवेलचं पाणी वेगवेगळं तपासून घ्या, आकडा गटाच्या वहीत तारखेसह लिहा. नायट्रेट जास्त निघालं, तर बाळासाठी तपासलेलं दुसरं पाणी आणा आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा.